दिव्यांगांचा गट: बचत जमते, माणसं का गळतात?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे दिव्यांगांचा बचत गट निघायला वेळ लागत नाही. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, सत्कार, फोटो, नवं कोरं रजिस्टर. आखाजी (अक्षय्य तृतीया) येईस्तोवर बऱ्याच गटांचं दफ्तर चौथ्या-पाचव्या बैठकीवर थांबलेलं असतं. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "यांच्यात एकीच नाही."

हे उत्तर आळशी आहे. एकत्र येण्याची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते आणि ती अपंगत्वापेक्षा जात, जमीन, बाई-पुरुष आणि प्रमाणपत्रावरची टक्केवारी यांवर जास्त ठरते. रावेर-यावलकडच्या केळी पट्ट्यातलं कुठलंही गाव घ्या. एक सभासद पायानं अधू, घर गावठाणात, दारात तीनचाकी, बैठक मारुतीच्या पारावर. त्याला बैठकीचा खर्च शून्य. दुसरी सभासद भिलाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्ल वस्तीतली, अंध बाई. तिला सोबत लागते, सोबत म्हणजे जाऊ नाहीतर मुलगी. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर असते, म्हणजे सोबतीणीचा अर्धा दिवस बुडाला. शिवाय पारावर चढून बसायचं की खाली, पाणी कोणत्या पेल्यातून मिळणार, हे प्रश्न आहेतच. दोघांची बचत १०० रुपये. कागदावर समान.

मग नियम लागतो: सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. नियमात जात नाही, बाई नाही, काही नाही. पण नाव कमी कुणाचं होतं ते बघा.

ज्यांनी गट बांधलेत, दफ्तर तपासलंय, त्यांनी नेमकं लिहावं. भाषणं ३ डिसेंबरसाठी राखून ठेवू.

---

अक्का_उमेद

आधी नियमाचं, कारण इथेच गोंधळ होतो. उमेदचा (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा) साधा गट फक्त महिलांचा आणि १० ते २० जणींचा. दिव्यांगांच्या गटाला सूट आहे: ५ सभासदांवर गट होतो आणि स्त्री-पुरुष मिश्र चालतो. सूट चांगल्या हेतूनं दिली आहे, पण मिश्र गटाचे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष तिघेही पुरुष, तेही अस्थिव्यंग, आणि दहावीच्या पुढे शिकलेले असेच निघतात. कारण साधं आहे. बँकेत, पंचायत समितीत जो एकटा जाऊ शकतो त्याच्याकडे पद जातं, आणि पदाबरोबर माहिती जाते. बाकीच्यांना योजना कळते ती मुदत संपल्यावर.

यावर चालणारा उपाय: खातं तिघांच्या नावावर, व्यवहार कोणत्याही दोघांच्या सहीनं. तिघांपैकी दोन महिला आणि निदान एक गावठाणाबाहेरच्या वस्तीतली, हे पहिल्याच ठरावात लिहून घ्या. नंतर लिहू म्हटलं की ते कधीच लिहिलं जात नाही. बँकेत "अंगठेवाली नको, अंध नको" असं तोंडी सांगितलं जातं. अंध खातेदाराला चेकबुक, एटीएम, लॉकर यांत भेदभाव करू नये, असं रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच सर्व बँकांना कळवलंय. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका, "लेखी द्या" म्हणा. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा सही चालते.

पेटीला तीन कुलपं लावा आणि तीन किल्ल्या तीन वस्त्यांत ठेवा. चोरीचा प्रश्न नंतरचा. तिघं आल्याशिवाय पेटी उघडत नाही, म्हणून बैठक एका घरात उरकली जात नाही.

---

हिशेबनीस

अक्का, सह्यांपेक्षा मोठी गोम कर्जाच्या नियमात आहे. "बचतीच्या तिप्पट कर्ज" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक नियमावलीत सापडतं. गणित करा. एक सभासद महिन्याला ३०० भरतो, दुसरी ५०. वर्षाअखेर त्याची बचत ३,६००, तिची ६००. त्याची मर्यादा १०,८००, तिची १,८००. अठराशेत बरी शेळीसुद्धा येत नाही. म्हणजे ज्याला पतसंस्था दारात उभं करते त्यालाच गटही उभं करतो आणि जिला सावकाराशिवाय कोणी नाही ती सावकाराकडेच राहते.

दुसरी चूक उलट्या बाजूची: सगळ्यांना सक्तीनं १०० आणि चुकलं की १० रुपये दंड. दंड कोण भरतं? ज्याची रोजंदारी बुडाली तो. वर्षाअखेर नफा बचतीच्या प्रमाणात वाटला की तोच दंड बरोबर वरच्यांच्या खिशात जातो.

टिकणारी रचना अशी. सक्तीची बचत सगळ्यात गरीब सभासदाला झेपेल तेवढीच, समजा ५०. १२ जणांचे महिन्याला ६००, सहा महिन्यांत ३,६००. ज्याला जास्त ठेवायचे त्याची ऐच्छिक बचत वेगळ्या रकान्यात. तिच्यावर बँकेच्या बचत खात्याएवढं व्याज द्या, पण तिच्या जोरावर जास्त कर्ज नाही. कर्जाची मर्यादा पेटीतल्या रकमेवर ठरवा: पहिल्या फेरीत कुणालाही १,५०० च्या वर नाही.

व्याज फळ्यावर मांडून दाखवा. ५,००० चं कर्ज, ५०० चे १० हप्ते, महिना शेकडा २ उतरत्या शिलकीवर: पहिल्या महिन्याचं व्याज १००, मग ९०, ८०, असं शेवटी १०. एकूण ५५०. हेच शेकडा ५ नं १,३७५. (युक्ती: पहिल्या महिन्याचं व्याज गुणिले साडेपाच. दहा हप्त्यांनाच लागू, बाराला नाही.)

आणि जामीन. "गटातलेच दोन जामीनदार" हा नियम निरागस दिसतो, पण सातबारावाला भिलाटीतल्या सभासदाला जामीन राहत नाही. तिला जामीन मिळतात ते तिच्याइतकेच फाटके, मग कर्ज नामंजूर. छोट्या कर्जाला जामीन ठेवूच नका.

---

धडगाववाला

तुम्ही लोक बागायती पट्ट्याबद्दल बोलताय, म्हणून वरच्या डोंगराळ भागाचं थोडं सांगतो.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, बाजारकर असलं. वित्त आयोगाचा पैसा यात धरत नाहीत. आता हिशेब करा. सहा लाख उत्पन्नाच्या गावात ३०,००० होतात. नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडे एका गट-ग्रामपंचायतीत डोंगरभर पसरलेले पाडे, आणि वसुली समजा ४० हजार. त्याचे ५ टक्के दोन हजार. तीच टक्केवारी, तोच कायदा. एका ठिकाणी भांडण तीस हजारांवरून, दुसऱ्या ठिकाणी भांडायलाही काही नाही. त्यामुळे "निधी मागा" या एका मागणीवर डोंगरातला गट उभा राहत नाही.

आणखी एक गफलत. पेसा (आदिवासी क्षेत्राच्या कायद्यातल्या) ग्रामपंचायतीला आदिवासी उपयोजनेतून थेट येणारा ५ टक्के अबंध निधी वेगळा आणि दिव्यांगांचा ५ टक्के वेगळा. सभेत "पाच टक्के खर्च झाले" म्हणून सांगतात तेव्हा कोणते पाच, ते विचारा. पेसाच्या पैशातून दिव्यांगांसाठी काही घ्यायचं तर ग्रामसभेत ठराव करून घेता येतं, पण त्यासाठी पाड्यावरची माणसं सभेला हवीत. ती दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर. घरी राहतात म्हातारे आणि अपंग. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराला सगळे परत येतात. बैठकांचं वेळापत्रक दर महिन्याच्या ५ तारखेचं नको, या येण्याजाण्याचं हवं.

सिकलसेलचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानं प्रकार ७ वरून २१ केले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया त्यात आले. पण सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या कलम ३४ मध्ये आहे, त्यातल्या यादीत हे रक्तविकार नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल प्रामुख्यानं भिल्ल-पावरा घरांत. म्हणजे तोच आदिवासी मुलगा, तेच प्रमाणपत्र, पण नोकरीच्या रांगेत तो दिव्यांग नाही. मग तालुक्याच्या मोर्चात मागणीपत्रावर पहिली मागणी "४ टक्के भरा" असली तर त्यानं कशासाठी यायचं?

---

जिभाऊ_अमळनेर

गिरणाकाठ भाऊ, तुमनं म्हननं खरं शे, पन इलाज चुकना. तुम्ही सगळे एकाच गटात सगळ्यांना कोंबताय. वस्तीचा वस्तीत गट करा, अंधांचा अंधांत, बाप्यांचा वेगळा, बायांचा वेगळा. ज्यांच्यात पाणी-पेला चालतो त्यांच्यात पैसा चालतो. मिश्र गट हे साहेबांच्या अहवालापुरतं बरं दिसतं.

---

अक्का_उमेद

जिभाऊ, अर्धं पटलं. गावात अंध किती? दोन, तीन. पाच होत नाहीत, मग शेजारच्या गावचे जोडायचे, म्हणजे परत सोबत आणि एसटी. दिव्यांगाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे हे खरं, पण गाडी दिवसातून दोनदाच येत असेल तर सवलतीचं काय करायचं?

---

गिरणाकाठ

जिभाऊ, दोन कामं वेगळी करून बघा. बचतीला विश्वास लागतो, मागणीला संख्या लागते. बचत वस्तीवर ठेवा: पाच-सात जणांची, घरापासून पाच मिनिटांवर, सोबतीणीचा दिवस बुडणार नाही अशी. पण ५ टक्के निधी, रॅम्प, प्रमाणपत्राचं शिबिर या मागण्या गावच्या एकाच समितीनं करायच्या आणि तिच्यात प्रत्येक वस्तीचे दोघं. भिलाटीच्या गटानं एकट्यानं अर्ज दिला तर तो टेबलावर पडून राहतो, गावठाणाच्या गटानं एकट्यानं दिला तर पैसा गावठाणातच जिरतो.

रॅम्पचंच घ्या. ग्रामपंचायतीचा ओटा ४५ सेंटिमीटर उंच. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे रॅम्प ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. प्रत्यक्षात दीड मीटरची घसरगुंडी बांधतात आणि बिल निघतं. मोजायला टेप घेऊन कोण जाणार? एकटा गेला तर वाईटपणा त्याच्या डोक्यावर. सात जण गेले, त्यात पाटलाच्या घरचाही एक असला, तर मिस्त्री ऐकतो. वरच्या आळीच्या माणसाचा उपयोग इथे आहे, पेटीच्या किल्लीसाठी नाही.

---

जिभाऊ_अमळनेर

पाटलाच्या घरचा एक असला तर मिस्त्री ऐकतो, हेच तर मी सांगून राहिलो! मग समिती कुणाची झाली?

---

गिरणाकाठ

पाटलाची होऊ शकते, हो. म्हणून अर्जावर पहिली सही वस्तीवरच्या सभासदाची आणि पोच तिच्या घरी. त्यानं सगळं फिटतं असा दावा नाही.

---

खुणांची_भाषा

या सगळ्या बैठकांत कर्णबधिर कुठे आहेत? गट असतो "सर्व प्रकारच्या दिव्यांगांचा" आणि चालतो तोंडी चर्चेवर. गावाकडे शाळेत न गेलेल्या कर्णबधिराला प्रमाणित सांकेतिक भाषा येत नाही. घरात तयार झालेल्या खुणा असतात आणि त्या आई नाहीतर बहीण समजते. म्हणजे त्याच्या वतीनं घरचं माणूस बोलतं आणि घरच्याचं मत त्याचं म्हणून नोंदवलं जातं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांचंही तेच.

हात वर करून मतदान ताबडतोब बंद करा. आंधळ्याला दिसत नाही कुणी हात वर केला, आणि सालदाराच्या मुलाला मालकाच्या मुलाविरुद्ध हात वर करता येत नाही. करायचं असं: प्रत्येकाला एक चिंचोका. पडद्याआड दोन भांडी, "हो" ला मातीचं मडकं, "नाही" ला पत्र्याचा डबा. हात लावला की फरक कळतो. मडक्यावर आणि डब्यावर चित्र चिकटवा, कर्णबधिरासाठी. आधी एकदा खोटं मतदान घ्या: चहा हवा की सरबत.

बिघडतं ते डब्यात. चिंचोका पत्र्यावर पडला की टण्ण वाजतो आणि बाहेर सगळ्यांना कळतं "नाही" पडलं. दोन्हींच्या तळाला जाड फडकं घाला. सोबतीणीला पडद्याआड सोडू नका. अगदीच गरज असेल तर दुसऱ्या वस्तीतली सभासद सोबत द्या, सासरचं माणूस नको.

---

कळण_बिबडे

बचतीच्या पुढे जाऊन धंदा करणारे गट नेमके मजुरीवर फुटतात. उडदाचे पापड, बिबडे, कळणाचं पीठ, केळीचे वेफर्स, काहीही असो. मजुरी नगावर ठेवली तर एका हातानं लाटणारीला निम्मे पैसे, आणि ती महिन्याभरात येणं सोडते. सगळ्यांना सारखी ठेवली तर भराभर लाटणारी कुरकुरते आणि सीझनमध्ये दुसऱ्या गटात जाते.

मधला रस्ता. समजा लॉटची विक्री ६,०००, सामान-दळण-पॅकिंग ३,५००, उरले २,५००. त्यातले ५०० गटाच्या पेटीत. १,००० हजेरीवर, म्हणजे जो आला त्याला सारखे. १,००० नगावर. हजेरीत पीठ मळणं, वाळवणाची राखण, मोजणी, पिशव्या सील करणं सगळं धरा. अंध सभासद वजनाची पुडकी हातानं चाचपून मोजणीला उत्तम बसतात, फक्त काट्यावर शेवटी कुणीतरी आकडा वाचून दाखवायला हवा.

आता जातीचं, उघड बोलू. खाण्याच्या पदार्थात "कुणाच्या हातचं" हा प्रश्न गिऱ्हाईक विचारतं आणि गट ते निमूटपणे पाळतो: लाटायला गावठाणातल्या, सरपण-पाणी आणि भांडी वस्तीतल्या. नगाचे पैसे लाटण्यावर असतात, भांड्यांवर नसतात. म्हणून कामाची पाळी आठवड्याला फिरती ठेवा आणि ती भिंतीवर लावा. जिथे हे अजिबात जमत नाही तिथे खाण्याचा धंदा घेऊच नका. द्रोण-पत्रावळीचं मशीन, कापडी पिशव्या, झेरॉक्स असलं घ्या.

---

नवीन_सभासद

एक विचारतो. आमच्याकडे बायका गटात यायला घाबरतात, "खात्यात पैसा दिसला की निराधारचं अनुदान बंद होईल" म्हणून. आणि ज्यांचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आहे त्यांना गटात घ्यावं का?

---

हिशेबनीस

संजय गांधी निराधारला दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे. स्वतःची बचत परत घेणं किंवा कर्ज घेणं हे उत्पन्न नव्हे. पण ही भीती पसरवण्यात कुणाचा फायदा आहे तेही बघा. अनुदानाचे कागद करून देणारा मधला माणूस बायका गटात येऊन एकमेकींना विचारू लागल्या की रिकामा बसतो. हप्त्याची तारीखही अनुदानाशी बांधा: "खात्यावर जमा झाल्यापासून ७ दिवसांत." अनुदान उशिरा आलं म्हणून बाईला दंड हा अन्याय आहे.

४० च्या खालच्यांबद्दल: युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) पांढरं म्हणजे ४० च्या खाली, पिवळं ४० ते ८० च्या आत, निळं ८० आणि वर. पांढऱ्यावाल्याला योजना जवळजवळ नाहीत. त्याला बचतीत घ्यावं, निधीच्या यादीत घालू नये, आणि हे दोन्ही आधीच सांगावं. नंतर कळलं की तोच गट फोडतो.

---

धडगाववाला

टक्का डॉक्टर ठरवतो, पण तिथवर पोचतं कोण? धडगावहून शहाद्यामार्गे नंदुरबारचं सिव्हिल, त्या दिवशी तो तज्ज्ञ नसला तर परत. मनोरुग्ण आणि बौद्धिक अक्षमतेच्या लोकांचं प्रमाणपत्र म्हणूनच सगळ्यात कमी निघतं. प्रमाणपत्र नसलेल्यालाही वर्षभर बचतीत घ्या आणि गटाचं पहिलं काम म्हणून त्याचं प्रमाणपत्र काढा. गाडीभाड्याचा खर्च पेटीतून.

बरा झालेला कुष्ठरोगी याहून मागे. हाताच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, म्हणून बँक मित्राकडे पैसे निघत नाहीत. आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळाचं स्कॅन अद्ययावत करून घ्या आणि पैसे शाखेत जाऊन काढा. आणि गटातच कुणी त्याच्या शेजारी बसत नसेल तर बैठक गोल करून बसवा, चटया जोडून टाका.

---

नवीन_सभासद

५ टक्क्यांसाठी ग्रामपंचायतीत नेमकं काय मागायचं?

---

अक्का_उमेद

आधी माहिती अधिकारात, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: नमुना ९ ची कर मागणी आणि प्रत्यक्ष वसुली, मागच्या तीन वर्षांचा दिव्यांग खर्च, लाभार्थ्यांची यादी वस्तीसह. "वस्तीसह" हा शब्द गाळू नका, सगळं त्यातच कळतं. दारिद्र्यरेषेखालच्या सभासदानं अर्ज केला तर फी नाही, कार्डाची प्रत जोडायची. उत्तराला मुदत ३० दिवस. ते हातात घेऊन ग्रामसभेला जा.

वाटपाबद्दल आधी आपसात ठरवा. ३०,००० आणि ३० दिव्यांग, तर प्रत्येकी हजार वाटून मोकळं होणं सगळ्यात सोपं, म्हणून तेच होतं. सामूहिक वस्तू घेतली तर ती ज्याच्या ओट्यावर राहते त्याची होते. निम्मा पैसा सगळ्यांना सारखा आणि निम्मा दरवर्षी क्रमानं तीन-चार जणांच्या मोठ्या गरजेला, क्रम चिंचोक्यांच्या मतदानानं. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ३७ मध्ये दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांग महिलांना प्राधान्य आहे, तोच आधार ठरावात लिहा आणि पहिल्या वर्षीच्या क्रमात निम्म्या बाया ठेवा.